शेवटच्या गाण्यातील लय कोणी वाढवली

१२ जानेवारी

महाशय,

या पत्रव्यवहारात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. चौतीस वर्षांपूर्वी नगर सभागृहात झालेल्या, आपल्या ‘भूकंप’ बँडच्या अखेरच्या कार्यक्रमात शेवटच्या गाण्याची लय तुम्ही वाढवलीत, मी नव्हे. तुम्ही ड्रम वाजवीत होतात आणि मी बेस गिटार. त्या दुपारनंतर आपण एकमेकांशी बोललेलो नाही. ही वस्तुस्थिती आहे, निष्कर्ष नव्हे. म्हणून तिचा पुरावा देत नाही.

तुम्ही माझ्या पत्नीचे धाकटे बंधू आहात, हे मला मान्य आहे. नात्याचा लयीशी संबंध नसतो, हे तुम्हीही मान्य करावे.

आताच का, असे तुम्ही विचाराल. मी पुन्हा वाजवू लागलो आहे. डिसेंबरात एका किरकोळ तपासणीसाठी मी रुग्णालयात गेलो होतो. तिसऱ्या मजल्यावरील बाकावर बसलो असता एक बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मते त्यांनी त्याआधी मला तीन हाका मारल्या होत्या. ‘काळी वीज’ बँडची गायिका तुम्हाला आठवत असेल. त्याच त्या. पुढे त्या याच रुग्णालयाच्या मेट्रन झाल्या, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. तरीही रोज दहा वाजता येऊन परिचारिकांना रागावून जातात. त्याच मजल्यावर औषधांच्या फ्रिजसमोर एक गृहस्थ गुडघे टेकून बसले होते. ते ‘ज्वालामुखी’चे गिटारवादक निघाले. आपण ज्यांच्या भिंतीवरील जाहिरातींवर नेमाने आपल्या जाहिराती चिकटवीत असू, तेच. आता फ्रिज दुरुस्त करतात.

“मास्तर, आहात होय अजून?” फ्रिजवाला म्हणाला.

“उपलब्ध पुराव्यावरून तसे दिसते,” मी म्हणालो. छत्तीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवल्यावर असे उत्तर आपोआप येते.

मेट्रनबाईंनी आम्हा दोघांकडे, वॉर्डातील खाटा मोजाव्यात तसे पाहिले. “दोघंही उभे राहू शकता ना? मग शनिवारी चार वाजता याच्या दुकानात या. माझा गळा अजून शाबूत आहे. घरात कुणाला नको झालाय.”

तीन बुडालेल्या बँडमधील उरलेली तीन माणसे एकत्र आली, हे एका वर्तमानपत्राला कळले आणि त्याने ‘महाबँड’ असे छापले. महा म्हणण्याजोगे आमच्यात केवळ वय आहे. नावावरून तीन शनिवार गेले. शेवटी मी सुचवलेले ‘उर्वरित’ हे नाव, अन्य नावांपेक्षा कमी खोटे असल्यामुळे, स्वीकारले गेले. कार्यक्रम २६ एप्रिलला दुपारी चार वाजता, त्याच नगर सभागृहात आहे. सहानंतर मेट्रनबाई आम्हाला उभे राहू देत नाहीत.

ड्रमवादकाची जागा रिकामी आहे. हे फक्त माहितीसाठी.

तुमच्या भगिनी म्हणतात की एवढे सगळे फोनवर दोन मिनिटांत झाले असते. युक्तिवाद कागदावरच असावा, असे माझे मत आहे. मी हल्ली फोन घेत नाही.

आपला,
बेसवादक, ‘उर्वरित’


२ फेब्रुवारी

महाशय,

तुमचे कार्ड पोहोचले. मागे तुमच्या मोटार शिकवणी वर्गाचा शिक्का आणि पुढे दोन वाक्ये: “भाऊजी, लय मी वाढवली नाही. तुमची तब्येत कशी आहे?” पहिल्या वाक्यास आधार दिलेला नाही. दुसरे विषयाला सोडून आहे.

तब्येत उत्तम आहे.

कोणत्या परिस्थितीत तालीम चालते, ते लिहितो. फ्रिजवाल्याचे दुकान लांबट आहे. दोन्ही बाजूंना दारे काढलेले फ्रिज उभे आहेत आणि मधल्या बोळात आम्ही. अॅम्प्लिफायर एका आडव्या केलेल्या फ्रिजवर ठेवलेला असतो. मेट्रनबाई सुरुवातीला प्रत्येकाचा रक्तदाब पाहतात. वरचा आकडा दीडशेच्या पुढे गेला तर त्या दिवशी सोलो मिळत नाही. फ्रिजवाल्याला तीन आठवडे सोलो मिळालेला नाही, आणि त्या चिंतेने त्याचा आकडा आणखी वाढतो. या वर्तुळाकडे मी त्यांचे लक्ष वेधले. “मीठ कमी कर,” एवढेच त्या फ्रिजवाल्याला म्हणाल्या.

कोपऱ्यातील एका चालू फ्रिजच्या घरघरीमुळे गाणे बुडते, अशी दोघांनी तक्रार केली. मला तिचा काहीच उपद्रव झाला नाही. एकाग्रता असली की होत नाही.

ड्रमसाठी पोलीस बँडमधून निवृत्त झालेले एक हवालदार आले होते. माणूस सज्जन, हात भक्कम. परंतु त्यांच्या हाताखाली प्रत्येक गाण्याचे संचलन झाले. विरहगीत संपल्यावर फ्रिजवाल्याने नकळत सलाम ठोकला. तरीही बाकीचे दोघे त्यांना ठेवून घेण्यास तयार होते. विरोध मी केला. वाजवताना त्यांचा डावा गुडघा अजिबात हलत नाही.

“गुडघ्याचा काय संबंध?” मेट्रनबाईंनी विचारले.

तो माझा वैयक्तिक निकष आहे, असे मी सांगितले. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले.

गाणे संपल्यावरही मी दोनदा वाजवीत राहिलो, असे त्या सर्वांना सांगतात. एकदाच.

आपला,
बेसवादक


२१ फेब्रुवारी

महाशय,

फ्रिजवाल्याने चपलेच्या खोक्याएवढे एक यंत्र आणले आहे. बटण दाबले की ड्रम वाजतात. ते चुकत नाही, उशिरा येत नाही, चहा मागत नाही आणि कोणाचा मेहुणा नसते. दोघेही खूश झाले.

“पण त्याच्याकडे पाहायचे कुठे?” मी विचारले.

“पाहायचं कशाला, मास्तर? ऐका की.”

यंत्रावर ठोक्यागणिक पेटणारा एक तांबडा दिवा आहे. यंत्र माझ्यासमोर ठेवावे, अशी मी विनंती केली. दोन गाणी निर्दोष झाली. तिसऱ्याच्या आधी फ्रिजवाल्याने, डोळ्यांत दिवा जातो म्हणून, त्यावर आपली टोपी ठेवली. ते गाणे आम्ही तिघांनी तीन वेगवेगळ्या ठिकाणी संपवले. मेट्रनबाईंनी आधी टोपीकडे आणि मग माझ्याकडे पाहिले.

मग फ्रिजवाल्याने सहज म्हणून दुसरे बटण दाबले. त्या यंत्रात बेसही आहे. सबंध गाणे ते बेस वाजवीत राहिले आणि दोघेही त्याच्याबरोबर शेवटपर्यंत नीट पोहोचले. “बरं वाटतं की,” असे फ्रिजवाला पुटपुटला, आणि मी समोरच उभा आहे हे आठवून त्याने यंत्र बंद केले. मला यात काही वावगे वाटले नाही. त्या संध्याकाळी मी जेवलो नाही, याचे कारण पोट होते. तुझ्या ताईने रविवारच्या फोनवर दुसरे कारण सांगितले असेल, तर तो तिचा तर्क आहे.

(वरच्या वाक्यात ‘तुझ्या’ आले आहे. शाई पक्की असल्यामुळे खोडत नाही.)

आता मुख्य मुद्दा. पुरावा सापडला आहे. त्या दुपारी ‘ज्वालामुखी’चा गिटारवादक तिसऱ्या रांगेत, कोटाखाली टेपरेकॉर्डर लपवून बसला होता. आपली गाणी चोरण्यासाठी. हे त्याने परवा फ्रिजमध्ये डोके घालून, म्हणजे माझ्या नजरेला नजर न देता, कबूल केले.

“चोरली का?” मी विचारले.

“दोन चोरली. पण वाजवता येईनात. परत केली समजा.”

कॅसेट त्याने जपून ठेवली आहे. शेवटचे गाणे त्यात पूर्ण आहे. ती मी मिळवीन, ठोके मोजीन आणि कोष्टकासह पुढील पत्रासोबत पाठवीन. त्यानंतर हा वाद उरणार नाही.

आपला,
बेसवादक


९ मार्च

यासोबत कॅसेट नाही. चौतीस वर्षांत फीत दमट झाली असून तिच्यावरून निश्चित निष्कर्ष काढणे शास्त्रीय ठरणार नाही. कोष्टकही नाही.

तालमीविषयी. शनिवारी मेट्रनबाई माझ्या मागे उभ्या राहिल्या आणि, नंतर कळले त्याप्रमाणे, म्हणाल्या, “मास्तर, तुमच्या गिटारला आग लागली आहे.” मी तार जुळवीत राहिलो. मग त्या समोर आल्या.

“कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“तिसऱ्या मजल्यावर डोळे तपासत नाहीत, मास्तर. दातही नाही. तीस वर्षं त्या मजल्यावर मी काढली आहेत. यंत्रं कुठं आहेत कानांची?”

“कपाटात.”

“कपाटाला ऐकू येतंय का आता?”

फ्रिजवाल्याने हसू लपवण्यासाठी फ्रिजचे दार उघडले. त्या फ्रिजला मागची भिंत नव्हती, त्यामुळे तो पलीकडून दिसत राहिला.

तेव्हा कानांची गोष्ट तुलाही सांगून टाकतो, कारण ती तुला ताईकडून कळलेली असणारच. सहा वर्षांपासून मला झांजा ऐकू येत नाहीत. मग ड्रमची कड गेली. आता फक्त जमिनीतून काहीतरी येते. यंत्रे लावली तर घरातील प्रत्येक चमचा झांजेसारखा वाजतो, म्हणून ती कपाटात आहेत.

मेट्रनबाईंचा निर्णय असा: १ एप्रिलपर्यंत, ज्याच्याबरोबर मला वाजवता येईल असा ड्रमवादक मिळाला नाही, तर बेसचे बटण दाबले जाईल. “तुम्हाला खुर्ची देऊ पहिल्या रांगेत,” असे त्या म्हणाल्या. हे त्यांनी प्रेमाने म्हटले, आणि तेच मला आवडले नाही.

ज्याच्याबरोबर मला न ऐकता वाजवता येते असा ड्रमवादक मला एकच माहीत आहे. तरीही या विधानातून कोणतीही विनंती निष्पन्न होत नाही.

बेसवादक


१६ मार्च

तुझे दुसरे कार्ड आले. “भाऊजी, मी येऊ का?” एवढेच. यात आधार नाही, प्रतिपादन नाही, आणि मला त्याचे उत्तर दोन दिवस लिहिता आले नाही. ‘ये’ हा एक शब्द लिहिण्याआधी तुला काही सांगणे भाग आहे. ते वाचून तुझा विचार बदलला, तर तो तुझा अधिकार आहे.

फीत दमट झालेली नाही. ती उत्तम आहे. मागचे पत्र लिहिण्याआधीच्या मंगळवारीच मी दोन्ही यंत्रे कानांत घातली, स्वयंपाकघरातील टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवला आणि शेवटचे गाणे सहा वेळा ऐकले. दर वेळी घड्याळ लावून ठोके मोजले. तुझी ताई समोर धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती.

“अजून किती वेळा?” तिने विचारले.

“झाले.”

“मग? कोण गेलं पुढं?”

“मी,” मी म्हणालो.

ती घडी घालायची थांबली नाही, पण त्या चादरीची घडी वाकडी झाली.

तपशील असा आहे. दुसऱ्या कडव्यापर्यंत दोघेही बरोबर आहेत. तिसऱ्यात बेस सुटतो. तुझे ड्रम जिथे आहेत तिथेच राहतात. तू दोनदा जोरात ठोका मारून मला मागे बोलावतोस. मी ते तेव्हाही ऐकले नाही. मग गाणे फुटते. नंतर माइकवर माझा आवाज येतो, भरल्या सभागृहात, वर्गात वापरायचो त्याच सुरात: “लय वाढवलीस तू.” त्यावर काड्या खाली पडतात आणि धावत जाणारी पावले ऐकू येतात. तू पळून गेलास. चौतीस वर्षे मी त्या पळण्याला तुझी कबुली मानत आलो.

“पण मला अजूनही कळत नाही,” मी तुझ्या ताईला म्हणालो. “मी त्याच्याबरोबरच जात होतो. त्याचा गुडघा पळत होता.”

“कुणाचा गुडघा?”

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. बेसवादकाने ड्रम ऐकायचे असतात. मी कधी ऐकले नाहीत. सुरुवातीला आपले अॅम्प्लिफायर इतके वाईट होते की काही ऐकू येणे शक्य नव्हते, म्हणून मी तुझ्या डाव्या गुडघ्याकडे पाहायला लागलो. तू न चुकता त्यावर ठेका धरायचास. चांगले अॅम्प्लिफायर आले तरी माझी सवय गेली नाही. लोकांना वाटायचे की आपण दोघे एका श्वासाने वाजवतो. मी तुझा गुडघा वाजवीत होतो. त्या शेवटच्या गाण्यात तिसऱ्या कडव्यापासून तो पळू लागला, म्हणून मी पळालो.

तुझ्या ताईने हातातली चादर टेबलावर ठेवली आणि ती खाली बसली. मग ती हसू लागली. यंत्रे कानांत असल्यामुळे ते हसणे मला फार मोठ्याने ऐकू आले. मी ते सहा वर्षांनी ऐकत होतो, म्हणून थांबवले नाही.

“अहो,” ती म्हणाली, “त्याला लागली होती.”

“काय लागले होते?”

“काय लागतं माणसाला? लघवीला. कार्यक्रमाआधी तीन बाटल्या लिंबू सोडा प्यायला होता घाबरून. मागच्या संडासाला कुलूप, किल्ली रखवालदाराकडे आणि रखवालदार जेवायला गेलेला. अर्धा कार्यक्रम मी त्या माणसाला शोधत फिरत होते. शेवटच्या गाण्यात किल्ली घेऊन आले, पडद्याआडून त्याला दाखवली. ती दिसल्यावर तर त्याला धीरच निघेना.”

“मग तो पळाला ते...”

“तिकडेच पळाला. दुसरीकडे कुठे पळणार?”

मी टेपरेकॉर्डर बंद केला. मग विचारले की हे मला कधीच का सांगितले नाही.

“त्यानं शपथ घातली होती. म्हणाला, ताई, भाऊजींना कळलं तर ते वर्गात उदाहरण म्हणून देतील.”

दिले असते. हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

म्हणजे युक्तिवादाची दोन आधारविधाने दोन माणसांनी लाजेपोटी लपवून ठेवली होती. गुडघ्यावर माझी नजर असते, हे तुला ठाऊक नव्हते. गुडघा का पळतो आहे, हे मला ठाऊक नव्हते. दोन्ही विधाने एका बाईसमोर मांडली, तर तिने चादरीची घडी घालता घालता निष्कर्ष काढला. माझ्या हाताखालून चाळीस तुकड्या गेल्या. एकीनेही इतक्या लवकर काढला नसता.

बुधवारी मी नगर सभागृहाची पाहणी केली. रंगमंचामागे नवे स्वच्छतागृह आहे. ड्रमच्या जागेपासून ते अकरा पावलांवर आहे. मी माझ्या पावलांनी मोजले, तुला नऊ पुरतील. कडी आतून नीट लागते. कुलूप आहे, परंतु रखवालदाराशी बोलून एक किल्ली मी घेतली आहे. ती कार्यक्रमभर माझ्या उजव्या खिशात असेल. मेट्रनबाईंनी लिंबू सोड्यावर आधीच बंदी घातली आहे. फ्रिजवाल्याने ते यंत्र सध्या एका फ्रिजमध्ये ठेवून दार लावले आहे. सद्भावनेचे प्रतीक म्हणून, असे तो म्हणतो. फ्रिज चालू आहे की नाही, हे त्याने सांगितले नाही.

मी कानांची यंत्रे लावून वाजवीन. शनिवारी लावून पाहिली. फ्रिजच्या घरघरीविषयी त्या दोघांचे म्हणणे खरे होते. तरीही डावा गुडघा मला दिसेल असा बस.

त्या काळातील इतर सर्व मतभेदांबाबत माझी भूमिका कायम आहे. दुसऱ्या गाण्यातील तुझा सोलो लांबच होता. ‘भूकंप’च्या जाहिरातीत माझ्या चेहऱ्यावर तुझा हात आला होता, आणि तो चुकून आला नव्हता. माझी काळी छत्री तुझ्याचकडे आहे, येताना आण.

पहिल्या पत्रात जे सिद्ध करायचे ठरवले होते, ते सिद्ध झाले नाही. त्याच्या उलट सिद्ध झाले. म्हणून नियमाप्रमाणे लिहून देतो.

कबुली

मी, खाली सही करणारा, मान्य करतो की त्या दुपारी शेवटच्या गाण्याची लय मी वाढवली. ज्याच्यावर मी भरल्या सभागृहात आरोप केला, त्याने ती शेवटपर्यंत धरून ठेवली होती आणि मला दोनदा मागे बोलावले होते. माझे कान तेव्हा ठणठणीत होते. मी त्याच्याकडे फक्त पाहत होतो. त्याचे ऐकत नव्हतो.

ये.

तुझा भाऊजी